म्हाताऱ्या मांजरीच्या हाडात कॅन्सर निघाला तर: पहिल्या दिवसापासून काय काय करायचं

आमची ठकी तेरा वर्षांची होती. रोज पहाटे ती शिवणयंत्रावरून कपाटावर उडी मारायची आणि आम्ही उठायची वाट बघत तिथे बसायची. एका जानेवारीत ती शिवणयंत्रापर्यंतच यायला लागली. वर बघायची, मागचे पाय गोळा करायची, आणि मग तशीच खाली बसायची. आम्ही म्हटलं, वय झालं. आठवड्याभरात मागचा डावा पाय जपून टाकते असं दिसलं. जवळच्या दवाखान्यात मुका मार असेल म्हणून कॅल्शियम मिळालं. एक्स-रे कोणी काढला नाही, आम्हीही मागितला नाही. त्यात तीन आठवडे गेले. मग गुडघ्याखाली बोटांना टणक सूज लागली आणि एक्स-रेत नडगीच्या हाडाचा वरचा भाग वाळवी लागलेल्या लाकडासारखा दिसला.

त्या रात्री मोबाइलवर जे वाचलं त्याने माझी झोप उडाली. काही महिनेच उरलेत, असा मी अर्थ काढला. पुढे कळलं की मी वाचलं त्यातलं बरंचसं कुत्र्यांबद्दल होतं. मांजरीच्या हाडाच्या कॅन्सरचा हिशेब वेगळा आहे, आणि हे पहिल्याच रात्री कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून हा लेख. आज पुन्हा तीच वेळ आली तर मी ज्या क्रमाने चालेन, त्याच क्रमाने लिहिते आहे.

१. आधी दुखणं थांबवा, त्याच दिवशी

बायोप्सी, दुसरं मत, पैशाची जुळवाजुळव हे सगळं चार दिवसांनी झालं तरी चालतं. दुखणं तोवर थांबत नाही. हाडाच्या गाठीचं दुखणं फार वाईट असतं आणि मांजर ते ओरडून सांगत नाही. "खातेय ना, मग दुखत नसेल" हे मीही म्हटलेलं आहे. ठकी जेवत होती, मांडीवर घुरघुरतही होती. मांजर दुखत असतानाही घुरघुरतं.

बघायचं असतं ते बाकीचं. उंचावर चढणं बंद होतं. अंग चाटणं कमी होतं, म्हणून पाठीवरचे केस चिकट दिसतात आणि गुंता होतो. लिटरच्या, म्हणजे तिच्या शू-शीच्या टबाच्या बाहेर शू होते, कारण कडा ओलांडताना पाय दुखतो. पलंगाखाली, मोरीत, कपड्यांच्या ढिगामागे बसणं वाढतं. चेहराही सांगतो. कॅनडातल्या माँट्रिऑल विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी २०१९ मध्ये मांजरीच्या चेहऱ्यावरून दुखणं मोजायची एक पद्धत मांडली. कान बाहेरच्या बाजूला वळलेत का, डोळे अर्धवट मिटलेत का, तोंडाचा भाग ताठलाय का, मिशा सरळ ताणल्यात का आणि डोकं खांद्यांच्या खाली झुकलंय का, या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण. दहापैकी चार किंवा जास्त आले तर दुखण्यावर औषध हवं असं समजायचं. मांजर शांत जागी असताना मोबाइलवर फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात घाबरलेल्या मांजरीचा चेहरा वेगळाच असतो, घरचा फोटो खरा.

आता सर्वांत महत्त्वाचं. घरातलं माणसांचं दुखण्याचं औषध मांजरीला कधीही देऊ नका. ठकी रात्री अस्वस्थ होती तेव्हा नवऱ्याने क्रोसिनची अर्धी गोळी तोडून हातात घेतली होती. मी दवाखान्यात फोन लावला म्हणून ती वाचली. क्रोसिनमधलं पॅरासिटामॉल मोडून बाहेर टाकायची व्यवस्था मांजरीच्या यकृतात जवळपास नसतेच. रक्त प्राणवायू वाहून न्यायचं थांबवतं, हिरड्या तपकिरी-निळसर होतात, चेहरा आणि पंजे सुजतात. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन हीसुद्धा द्यायची नाहीत. चुकून दिली गेलीच, तर लक्षणं दिसायची वाट न बघता गोळीचं पाकीट घेऊन लगेच निघा. पॅरासिटामॉलवर उतारा आहे, पण तो वेळेत मिळावा लागतो.

डॉक्टर साधारणपणे काय देतात? मेलॉक्सिकॅम किंवा रोबेनाकॉक्सिब सुजेवर आणि दुखण्यावर, गॅबापेंटिन मज्जातंतूंच्या दुखण्यावर, आणि जास्त दुखत असेल तर ब्युप्रेनॉर्फिन. ते गालाच्या आत सोडलं तरी लागू पडतं, पण नियंत्रित औषध असल्याने दवाखान्यातूनच मिळतं. मेलॉक्सिकॅमबाबत तीन गोष्टी लक्षात ठेवा. म्हाताऱ्या मांजरीच्या किडन्या बऱ्याचदा आधीच थकलेल्या असतात, म्हणून रक्त तपासल्याशिवाय ते रोज देत बसू नका. जेवण-पाणी सुटलं असेल तर द्यायच्या आधी फोन करा. आणि बाटलीवरचा आकडा वाचा. मांजरांसाठीच्या द्रावणात मिलिलिटरला ०.५ मिलिग्रॅम औषध असतं, कुत्र्यांसाठीच्यात १.५. शेजाऱ्यांच्या कुत्र्याची उरलेली बाटली आणली तर तितक्याच थेंबांत तिप्पट औषध जाईल. गॅबापेंटिन बरेच दिवस चालू असेल तर ते एकदम तोडायचं नाही.

२. कॅन्सरच आहे का, आणि कुठला, हे पक्कं करा

एक्स-रेत हाड खाल्लेलं दिसलं म्हणजे कॅन्सरचा संशय दाट असतो, पण हाडात जंतूंचा किंवा बुरशीचा संसर्गही असा दिसू शकतो. जुनं, नीट न जुळलेलं हाडही फसवतं. म्हणून एकाच बाजूने काढलेल्या एक्स-रेवर थांबू नका, दोन बाजूंनी हवा. त्याच फेरीत छातीचे एक्स-रे काढून घ्या, शक्य असेल तर तीन बाजूंनी, म्हणजे फुप्फुसात काही पसरलंय का ते कळतं.

बोटांच्या बाबतीत तर छातीचा एक्स-रे आधी, बोट कापायचा विचार नंतर. मांजरींमध्ये एक विचित्र प्रकार आढळतो. मूळ कॅन्सर फुप्फुसात असतो, त्याची काही खूण दिसत नाही, आणि तो पायांच्या बोटांत उतरतो. बोट सुजतं, नख वाकडं होतं, कधी दोन-तीन पंजांत एकदम. अशा वेळी बोट काढून काहीच साधत नाही.

सुईने पेशी काढून बघणं ही पुढची पायरी. थोडी गुंगी देऊन होते आणि बऱ्याचदा उत्तर मिळतं. नाही मिळालं तर हाडाचा तुकडा काढून बायोप्सी. हाड आधी मऊ करून मग त्याचे काप घेतात, म्हणून रिपोर्टला मांसाच्या गाठीपेक्षा जास्त दिवस लागतात. रोज फोन करून जीव खाऊ नका. मी केला होता. पायाच्या हाडाचा एक्स-रे अगदी ठळक असेल आणि पाय तसाही वाचण्याजोगा नसेल, तर काही सर्जन वेगळी बायोप्सी न करता पाय काढतात आणि तोच तपासायला पाठवतात. पोखरलेल्या हाडाला बायोप्सीचं भोक पाडलं तर ते मोडायची भीती असते, त्यामुळे हा मार्ग चुकीचा नाही. फक्त त्यांनी तो का निवडला हे विचारून घ्या.

रक्ताच्या तपासणीत रक्तपेशी, किडनी, यकृत, साखर आणि थायरॉइड हवं. लघवी आणि रक्तदाबही. फेलाइन ल्युकेमिया आणि एफआयव्ही या विषाणूंची चाचणी झाली नसेल तर आत्ता करा. भूल द्यायची असेल तर हृदयाची सोनोग्राफी होईल का विचारा, कारण मांजरींमध्ये हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजार बरेचदा काही न दाखवता असतो. "हिचं वय झालंय, आता कशाला" असं कोणी म्हणालं तर या रिपोर्टांकडे बोट दाखवा. तेरा हा आजार नाही. किडनी, हृदय, थायरॉइड कसे आहेत यावरून भूल झेपेल की नाही ते ठरतं.

३. कुठलं हाड?

सगळा निर्णय इथे येऊन थांबतो.

मांजरींमध्ये हाडात सुरू होणारा सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे ऑस्टिओसारकोमा, बहुतेक वेळा दहाच्या आसपास किंवा पुढच्या वयात, आणि पुढच्यापेक्षा मागच्या पायांत जास्त. कुत्र्यात हाच कॅन्सर निघतो तेव्हा जवळपास नव्वद टक्के वेळा तो न दिसणाऱ्या कणांनी आधीच पसरलेला असतो. पाय काढून वर केमो दिली तरी साधारण वर्षभर. मांजरीत तो इतक्या सहज पसरत नाही, निदानाच्या वेळी पसरलेला सापडतो तो थोड्याच मांजरींत. पाय काढलेल्या मांजरींच्या अभ्यासांत निम्म्या तरी दोन वर्षांच्या पुढे गेलेल्या दिसतात, आणि अनेकींना केमोही लागलेली नाही. माझी झोप उडवणारे आकडे कुत्र्यांचे होते ते हे. वाचताना प्रत्येक ओळीला विचारा: हे कोणाबद्दल आहे?

कवटी, कंबरेचं हाड, मणका इथे असेल तर पूर्ण काढता येत नाही, तिथे वेळ कमी मिळतो. सीटी स्कॅन करून सर्जनला दाखवल्याशिवाय हो-नाही ठरवू नका.

जबडा ही तिसरी गोष्ट, आणि ही जड मनाने लिहिते. म्हाताऱ्या मांजरीचा जबडा सुजला, लाळ गळते, तोंडाला घाण वास येतो, एका बाजूने चावते, दात हलतो किंवा काढलेल्या दाताची जागा भरतच नाही, तर बहुतेकदा तो मूळ हाडाचा नसून हिरडीत सुरू होऊन हाडात शिरलेला स्क्वॅमस सेल कार्सिनोमा नावाचा कॅन्सर असतो. तो लवकर वाढतो आणि सापडेपर्यंत सहसा उशीर झालेला असतो. उपचार करूनही बहुधा काही महिनेच. शेजारच्या वहिनींचा बोका राजा याच आजाराने गेला. महिनाभर सगळे दात दुखतोय असंच समजत होते. दात काढायचा ठरला तर भुलीतच जबड्याचा एक्स-रे आणि संशयास्पद भागाचा तुकडा घ्यायला सांगा.

४. मुंबईत कुठे आणि कसं न्यायचं

नेहमीच्या डॉक्टरांना सोडायची गरज नाही. उलट त्यांच्याकडूनच चिठ्ठी घ्या. परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १८८६ पासूनचं, आणि त्याच आवारात बाई साकरबाई पेटिट रुग्णालय, ज्याला सगळी मुंबई बैलघोडा हॉस्पिटल म्हणते. टॅक्सीवाल्याला हेच नाव सांगा. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं छोट्या प्राण्यांचं मोठं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं. याशिवाय उपनगरांत सर्जरी करणारे खासगी दवाखाने बरेच आहेत. निघण्यापूर्वी फोन करून तीनच गोष्टी विचारा: मांजरींचे सर्जन कोणत्या दिवशी असतात, सीटी तिथेच होतो का, आणि रात्री ॲडमिट मांजरीजवळ कोण असतं.

आम्ही मुलुंडहून जायचो. रिक्षा सायनपर्यंतच येते, पुढे टॅक्सी, म्हणजे दुखऱ्या मांजरीला भर रस्त्यात वाहन बदलायला लागतं. दोन फेऱ्यांनंतर आम्ही घरापासूनच टॅक्सी करू लागलो. पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरतं, गणपतीच्या दहा दिवसांत लालबाग-परळमधून हलता येत नाही. ऑपरेशनची आणि टाके काढायची तारीख घेताना कॅलेंडर बघा.

वरून उघडणारी टणक बास्केट घ्या, म्हणजे मांजरीला दुखऱ्या पायाला धरून ओढायला लागत नाही. तळाशी तिच्या वासाची गोधडी, वरून पातळ पंचा. निघण्यापूर्वी गॅबापेंटिन द्यायचं का हे विचारून ठेवा, प्रवासाची भीती बरीच उतरते. एक फाइल करा: सगळे रिपोर्ट, एक्स-रेच्या फोटोंऐवजी मूळ डिजिटल फाइल, औषधांची यादी आणि दर आठवड्याचं वजन. वजन घरच्या काट्यावर, आधी तुम्ही एकटे, मग तिला घेऊन.

पैशाचं संकोच न करता बोला. लेखी अंदाज मागा, आणि त्यात भूल, ॲडमिशन, औषधं, पॅथॉलॉजी आणि टाके काढणं धरलंय का ते विचारा. "हीच तुमची मांजर असती तर काय केलं असतं?" हा प्रश्न मी विचारला, आणि बाकी सगळ्यापेक्षा त्याच उत्तराने मला आधार दिला.

५. पाय काढायचा ठरला तर

हे ऐकून पोटात गोळा येतो. मी दोन दिवस रडले. ठकी मात्र ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात तीन पायांवर उभी होती आणि पाणी पीत होती. मांजर हलकं असतं, तिचा तोल चांगला असतो. दुखरा पाय ती आधीपासूनच वापरत नसते. पाय पुरता वरून काढतात, खुंट ठेवत नाहीत, कारण तो आपटत राहतो. जखम मोठी आणि केस भादरलेले असतील, ते आधीच मनात धरून जा.

घरी आणायच्या आदल्या दिवशी ही तयारी करा. फरशीवर गोधड्या, तरट, योगाची मॅट असं काहीतरी अंथरा, कारण गुळगुळीत टाइल्सवर तिसरा पाय घसरतो. प्लास्टिकच्या टबाची एक बाजू दोन-तीन बोटं उंचीपर्यंत कापून लिटर करा आणि जखम भरेपर्यंत त्यात खड्यांऐवजी फाडलेला पेपर घाला. वाट्या दोन पुस्तकांच्या उंचीवर ठेवा. खिडकीची जाळी तपासा, आता तिचा अंदाज चुकेल. गळ्यातली कॉलर टाके निघेपर्यंत, म्हणजे दहा ते चौदा दिवस, काढायची नाही. जखम लाल, ओली किंवा गरम वाटली, की फोटो काढून पाठवा.

एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. महिन्याभराने ठकी डावीकडे मान वाकडी करून डोळे मिटून बसायची आणि तिच्या कमरेचा स्नायू फडफडायचा. कान खाजवत होती ती, नसलेल्या पायाने. तेव्हापासून रोज संध्याकाळी त्या बाजूचा कान मी खाजवून द्यायचे आणि ओल्या कापसाने पुसायचे. मागचा पाय गेलेल्या प्रत्येक मांजरीचं हे काम आता तुमचं.

वजन वाढू देऊ नका, उरलेल्या तीन पायांवरच सगळा भार आहे. छातीचा एक्स-रे सुरुवातीला दर तीन महिन्यांनी.

६. ऑपरेशन करता येत नसेल तर

किडनी साथ देत नाही, जागा अवघड आहे, पैसे नाहीत. यातलं कुठलंही कारण पुरेसं आहे, त्यासाठी स्वतःला दोषी धरू नका. मग सगळा जोर दुखण्यावर. एकाच औषधाऐवजी दोन-तीन वेगवेगळ्या प्रकारची कमी मात्रेत दिली जातात. हाडाची झीज रोखणारी बिस्फॉस्फोनेट गटातली इंजेक्शनं काही मांजरींना आराम देतात, डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. पोखरलेलं हाड साध्या उडीनेही मोडू शकतं, म्हणून पलंगाला पायरी लावा, कपाटाखालचं स्टूल काढून टाका. मोडलंच तर ती तातडीची वेळ आहे, थांबू नका.

केमोबद्दल थोडक्यात. दिली तर मांजरीत कार्बोप्लॅटिन वापरतात, माणसांसारखे केस सहसा झडत नाहीत. पण सिसप्लॅटिन हे केमोचं दुसरं औषध मांजरीला मारतं, फुप्फुसात पाणी भरून. घरात कोणाची कॅन्सरची औषधं किंवा फ्लुरोयुरॅसिलचं मलम असेल तर ते तिच्या जिभेपासूनही लांब ठेवा.

७. खाणं

मांजर दोन दिवस जेवली नाही तर ते उपास म्हणून सोडून देऊ नका. विशेषतः जाड मांजरीच्या यकृतात चरबी साचायला लागते आणि तोच एक नवा आजार होतो. अन्न कोमट करा, वासाने जीभ सुटते. ठकीला उकडलेली मांदेली चालायची, मीठ-हळदही न घालता, काटे काढून, त्याच पाण्यात कुस्करून. कांदा-लसूण अजिबात नको, रश्श्याचा थेंबही नको. उलटीचं औषध आणि मिर्टाझापिनसारखं भूक वाढवणारं औषध डॉक्टरांकडून मागून घ्या. सिरिंजने तोंडात कोंबू नका. अन्न श्वासनलिकेत जातं आणि ती त्या अन्नाला कायमची वैतागते.

८. शेवट जवळ आला की

कॅलेंडरवर रोज रात्री एक खूण करा, चांगला दिवस किंवा वाईट. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्यकांनी केलेली एक मोजपट्टी आहे. दुखणं, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाइटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या सातांना प्रत्येकी शून्य ते दहा गुण. पस्तीसच्या वर असेल तर पुढे चालू ठेवावं असं त्या म्हणतात. घरातल्या दोघांनी वेगवेगळं भरा आणि मग ताडून बघा. जो रात्री उठून तिला बघतो, त्याचा आकडा बहुतेक कमी असतो, आणि त्याचंच ऐकावं असं माझं मत आहे.

झोपवायला घरी कोण येतं, रविवारी कोण, रात्री कोण, हे वेळ यायच्या आधी विचारून फ्रिजवर लिहून ठेवा. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, ती झोपली की शिरेतून भुलेच्या औषधाचा मोठा डोस. काही मिनिटांत संपतं. डोळे उघडेच राहतात, नंतर एखादा श्वास ओढल्यासारखा होतो, शू होते. ठाऊक नसेल तर आपण घाबरतो. राजाच्या वेळी वहिनी म्हणाल्या, "अजून जिवंत आहे गं तो," आणि डॉक्टरांनी पुन्हा नळी लावून ऐकवलं तेव्हाच त्या शांत झाल्या. खाली जाड टॉवेल घाला. दुखऱ्या अंगाला हात न लावता डोकं मांडीवर घ्या.

मालाडला महापालिकेची लहान प्राण्यांसाठी गॅसवरची दहनभट्टी २०२३ मध्ये सुरू झाली. आधी फोन करा, डॉक्टरांचं पत्र आणि तुमचं ओळखपत्र बरोबर ठेवा. पोहोचायला वेळ लागणार असेल तर बर्फाच्या पिशव्या कपड्यात गुंडाळून दोन्ही बाजूंना ठेवा, मुंबईच्या उकाड्यात दोन तासही जास्त होतात. उरलेलं ब्युप्रेनॉर्फिन दवाखान्यात परत द्या.

ठकी तीन पायांवर सव्वादोन वर्षं राहिली आणि किडनीने गेली, हाडाने नाही. घरात दुसरं मांजर असेल तर नेण्यापूर्वी त्याला जवळ येऊन वास घेऊ द्या. आणि गोधडी त्याच दिवशी धुवायला टाकू नका. आमची मी पंधरा दिवसांनी धुतली.